पाटी बदलते तेव्हा नोकरीचं काय होतं?

१ मे २०२५ रोजी विदर्भ कोकण ग्रामीण बँक हे नाव संपलं. ती महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आणि राज्यात एकच ग्रामीण बँक उरली, तिचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला. ‘एक राज्य, एक ग्रामीण बँक’ या केंद्राच्या धोरणामुळे त्या एका दिवसात देशातल्या ४३ ग्रामीण बँकांच्या २८ झाल्या. सोलापूर जिल्ह्यातल्या जुन्या कर्मचाऱ्यांना हा अनुभव नवा नव्हता. सोलापूर ग्रामीण बँकेत लागलेल्या माणसाच्या शाखेवरची पाटी आधी वैनगंगा कृष्णा ग्रामीण बँकेची झाली, मग २८ फेब्रुवारी २०१३ ला विदर्भ कोकण ग्रामीण बँकेची, आणि आता महाराष्ट्र ग्रामीण बँकेची. टेबल तेच, खातेदार तेच, पगारपत्रकावरचं नाव चौथं.

तरी दर वेळी घरात तोच प्रश्न उठतो. नोकरी राहील ना?

सोलापूर जिल्ह्यातल्याच कुर्डुवाडीकरांना हा प्रश्न ओळखीचा आहे, फक्त तो आधी रेल्वेच्या बाबतीत पडला होता. १८९७ साली इथून बार्शीपर्यंत नॅरोगेज गाडी सुरू झाली. तिच्या वर्कशॉपभोवती गावातल्या कितीतरी घरांचा संसार उभा राहिला. पुढे मिरज-लातूर मार्गाचं ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झालं, तेव्हा छोट्या गाडीबरोबर वर्कशॉपही जाणार का, ही धास्ती गावाने घेतली. वर्कशॉप राहिलं, तिथलं काम बदललं. आता त्याच घरांतली पुढची पिढी बँकेत आहे. कुणी स्टेट बँकेत क्लार्क, कुणी सहकारी बँकेत कॅशियर, कुणी खासगी बँकेत सोनेतारण कर्जाचं टार्गेट गाठत फिरणारा, कुणी पिग्मी गोळा करणारी. व्हॉट्सअ‍ॅपवर एखाद्या बँकेची बातमी आली की हे सगळे सारखेच घाबरतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की भीती सारखी असली तरी धोका सारखा नाही. तो दोन गोष्टींवर ठरतो. आपली बँक कोणत्या वाटेने चालली आहे, आणि आपण कोणाच्या पटावर आहोत. या दोन गोष्टी स्वतःपुरत्या नीट तपासल्या तर निम्मी भीती जाते, आणि उरलेली निम्मी कुठे खरी आहे तेही कळतं. म्हणून एकेक वाट धरून पाहू.

विलीनीकरण

सगळ्यात जास्त गाजावाजा या वाटेचा होतो, आणि नोकरीच्या दृष्टीने सगळ्यात कमी धोका याच वाटेवर आहे. विलीनीकरणात बँकेची येणी-देणी, शाखा आणि माणसं असं सगळं एकत्र नव्या बँकेकडे जातं. अडचणीत आलेल्या व्यापारी बँकेचं विलीनीकरण बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ४५ खाली होतं. योजना रिझर्व्ह बँक तयार करते, मंजुरी केंद्र सरकार देतं. या कलमात कर्मचाऱ्यांसाठी दोन गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. पहिली म्हणजे, सेवा पूर्वीच्याच पगारावर आणि अटींवर चालू राहते. दुसरी म्हणजे, नव्या बँकेने फार तर तीन वर्षांत त्यांना आपल्या समकक्ष कर्मचाऱ्यांइतका पगार आणि तशाच सेवाशर्ती द्यायच्या, पात्रता आणि अनुभव त्या तोडीचा असला तर. त्यात एक फटही आहे. ‘कामगार’ या व्याख्येत न बसणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी काहींची नावं योजनेत वेगळी घालून त्यांना वगळता येतं. म्हणून अशा योजनेचा मसुदा बाहेर आला की अधिकाऱ्यांनी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा.

आपल्याकडचं ठळक उदाहरण साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेचं. १९३६ साली सुरू झालेल्या या बँकेवर २ सप्टेंबर २००६ रोजी रिझर्व्ह बँकेच्या शिफारशीवरून केंद्राने मोरॅटोरियम लावलं. पैसे काढण्यावर मर्यादा आली, दारात ठेवीदारांच्या रांगा लागल्या आणि काउंटरच्या आत बसलेल्या माणसाला आपलं काय होणार हे सांगणारं कुणी नव्हतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या किती घरांनी तो सप्टेंबर झोपेविना काढला असेल! ३ ऑक्टोबरला बँक आयडीबीआय बँकेत विलीन झाली आणि कर्मचारीही तिकडे गेले. सांगली बँक १९१६ सालची. ती एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत गेली, पण वेगळ्या रस्त्याने. तिथे दोन्हीकडच्या भागधारकांनी मतदान करून निर्णय घेतला होता. सरकारी बँकांचं मोठं एकत्रीकरण ३० ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं आणि १ एप्रिल २०२० पासून दहा बँकांच्या चार झाल्या. कुणाचीही नोकरी जाणार नाही, असं अर्थमंत्र्यांनी त्या वेळी जाहीर सांगितलं होतं, आणि विलीनीकरणाचं कारण देऊन कुणाला काढलं गेलं नाही.

मग विलीनीकरणात जातं काय? जाते ती ज्येष्ठता आणि जवळची बदली. सोलापूर ग्रामीण बँकेत लागलेल्या माणसाला बदलीची फार भीती नसायची, फार तर करमाळ्याहून अक्कलकोटला. विदर्भ कोकण ग्रामीण बँक झाल्यावर त्याच माणसाच्या बँकेचं कार्यक्षेत्र गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलं आणि मुख्यालय सोलापुरातून नागपूरला गेलं. कुर्डुवाडीहून रोज अपडाउन करून म्हाताऱ्या आई-वडिलांना सांभाळणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हे लहान संकट नाही. नोकरी राहते, पण ज्या घरासाठी ती केली त्या घरापासून माणूस लांब जातो. ज्येष्ठतेचंही तसंच. दोन बँकांच्या याद्या एकत्र होतात, तेव्हा कोणाची नेमणूक आधीची, कोणाची बढती आधीची, यावरून पुढची दहा-पंधरा वर्षं ठरतात. एकत्रित ज्येष्ठता यादी आधी तात्पुरती म्हणून प्रसिद्ध होते आणि हरकतींसाठी मुदत दिली जाते. धास्तीच्या त्या दिवसांत सगळे अफवांवर बोलत बसतात आणि ही मुदत हातची जाते. यादीतली आपली ओळ शोधून जन्मतारीख, रुजू तारीख, कायम झाल्याची तारीख आणि बढतीची तारीख नेमणूकपत्राशी ताडून पाहणं, हे त्या महिन्यातलं सर्वांत महत्त्वाचं काम असतं.

ग्रामीण बँकांच्या कर्मचाऱ्यांचा इतिहास इथे आठवावा. त्यांना प्रायोजक बँकेच्या बरोबरीचे पगार मिळाले ते न्यायमूर्ती ओबुल रेड्डी न्यायाधिकरणाच्या १९९० च्या निवाड्याने, आणि पेन्शनचा मार्ग मोकळा झाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१८ मधल्या निर्णयाने. दोन्ही गोष्टी संघटनेने वर्षानुवर्षं कागद जपून, तारखा पाळून मिळवल्या आहेत.

आयडीबीआयचंही पुढे पाहण्यासारखं आहे. केंद्र सरकार आणि एलआयसी यांनी या बँकेतला आपला मोठा हिस्सा विकण्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये इच्छुकांकडून प्रस्ताव मागवले. साताऱ्याच्या बँकेतून तिथे गेलेल्या माणसांवर अनिश्चिततेचे दिवस असे दुसऱ्यांदा आले. मालकाचा हिस्सा विकला जातो तेव्हा बँक तीच राहते, म्हणून कलम ४५ सारखी विलीनीकरणाची योजनाच नसते. तिथे संरक्षण मिळतं ते विक्रीच्या करारात कर्मचाऱ्यांविषयी काय लिहिलं आहे त्यावरून, आणि सेवाशर्तींवरून. संघटनांचा भर त्या अटींवर असतो तो याच कारणाने.

परवाना रद्द होतो तेव्हा

सर्वांत कठीण वाट ही. दुर्दैवाने आपल्या जिल्ह्याने ती अगदी जवळून पाहिली आहे.

सोलापूरच्या लक्ष्मी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये निर्बंध घातले. ठेवीदाराला फक्त १,००० रुपये काढता येतील, असा आदेश होता. २२ सप्टेंबर २०२२ ला तिचा परवाना रद्द झाला. त्याच वर्षी पुण्याच्या रुपी सहकारी बँकेचा परवानाही रद्द झाला. रुपीवरचे निर्बंध फेब्रुवारी २०१३ पासूनचे होते. म्हणजे सोलापुरातल्या कर्मचाऱ्यांना दहा महिने मिळाले, पुण्यातल्यांना साडेनऊ वर्षं. दोन्हीकडे शेवट एकच झाला.

ही प्रक्रिया पायऱ्यापायऱ्यांनी होते आणि प्रत्येक पायरीवर कर्मचाऱ्याची स्थिती वेगळी असते. आधी बँकेचं भांडवल, थकीत कर्जं आणि नफा यांवरून रिझर्व्ह बँक तिला सुधारणेच्या चौकटीत घालते. नागरी सहकारी बँकांसाठी १ एप्रिल २०२५ पासून तत्पर सुधारणा कारवाईची नवी चौकट लागू झाली आहे, त्यातून छोट्या बँका वगळल्या आहेत. या टप्प्यावर नवी भरती, नव्या शाखा आणि खर्च यांवर बंधनं येतात. नोकरी जात नाही, पण वेतनवाढ अडते. कर्मचाऱ्यांनी डोळे उघडायचे ते इथे. बँकेचा वार्षिक अहवाल सभासदांना मिळतोच. त्यातलं निव्वळ थकीत कर्जांचं प्रमाण आणि लेखापरीक्षणातला वर्ग एवढं पाहिलं तरी वारा कुठून वाहतो ते कळतं.

पुढची पायरी बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ खालच्या निर्देशांची. नवीन कर्ज नाही, नवीन ठेव नाही, पैसे काढण्यावर मर्यादा. मात्र अशा आदेशात कर्मचाऱ्यांचा पगार, जागेचं भाडं, वीजबिल असे आवश्यक खर्च करायला बँकेला सहसा परवानगी असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया सहकारी बँकेवर निर्देश आले, त्यांत हे स्पष्ट लिहिलं होतं. तिथले कर्मचारी सुदैवी ठरले. ४ ऑगस्ट २०२५ पासून ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. म्हणजे निर्देश आले की बँक बुडालीच, असं नाही. पण सक्षम बँक पुढे आली नाही तर परवाना रद्द होतो आणि राज्याच्या सहकार आयुक्तांना अवसायक नेमायला सांगितलं जातं.

अवसायक आला की बँकेचं काम उरतं ते फक्त वसुली आणि वाटप. कर्जांची फाइल माहीत असलेली, न्यायालयात साक्ष देऊ शकणारी, सोनेतारणाच्या पुड्यांचा हिशेब असलेली थोडी माणसं तो काही काळ ठेवतो. बाकीच्यांची सेवा संपते. ठेवीदारांना ठेव विमा महामंडळ प्रत्येकी ५ लाखांपर्यंत रक्कम देतं, ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासूनची आहे. कर्मचारीही ठेवीदार असतोच, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या खात्यातले पैसे या विम्यात येतात. पगाराची थकबाकी, शिल्लक रजेचे पैसे, नोटिशीचे पैसे ही ठेव नसते. ते बँकेवरचं देणं असतं, आणि त्यासाठी अवसायकाकडे लेखी दावा ठरल्या मुदतीत द्यावा लागतो. फंडाचे पैसे बँकेकडे नसतात, ते भविष्य निर्वाह निधी कार्यालयात असतात. पण बँकेने शेवटच्या महिन्यांचा हप्ता भरलाच नसेल तर तिथेही खड्डा पडतो.

या वाटेवरचं एक दुःख कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नाही. गावातल्या सहकारी बँकेतला कर्मचारी वर्षानुवर्षं ओळखीवर ठेवी आणतो. चुलत्याचे जमिनीचे पैसे, शाळेतल्या बाईंच्या निवृत्तीची रक्कम, शेजारच्या किराणा दुकानदाराची ठेव. बँकेवर निर्बंध आले की सगळी माणसं बँकेच्या दारात जाण्याआधी याच्या दारात येतात. घोटाळा कुणी केला हे त्याला माहीत नसतं, कर्ज कुणाला दिलं त्यात त्याचा हात नसतो, पण जबाब त्याला द्यावा लागतो. बुडालेल्या बँकांविषयी लिहिताना ठेवीदारांचं दुःख लिहिलं जातं आणि ते लिहायलाच हवं. त्या काउंटरमागे बसलेल्या, स्वतःचा पगार अडकलेल्या आणि भावकीत तोंड दाखवायची चोरी झालेल्या माणसाचंही लिहायला हवं. त्याला निदान एवढं तरी कळलं पाहिजे की ठेवीदाराच्या विम्याचा दावा कसा भरायचा, आणि निर्देश लागू झाल्यापासून ९० दिवसांत ती रक्कम देण्याची तरतूद आता कायद्यात आहे. हे दोन मुद्दे शांतपणे सांगता आले की पुष्कळ भांडणं मिटतात.

कुणालाच न काढता कमी होणं

सरकारी बँकेतल्या कायम कर्मचाऱ्याला कमी केल्याची बातमी आपण वाचत नाही. तरी शाखेतली माणसं कमी झालेली दिसतात. हे कसं होतं? निवृत्त झालेल्याची जागा भरली जात नाही, एवढंच.

हा जुना रस्ता आहे. बँकेत यंत्रं आणि संगणक आणण्याला संघटनांचा तीव्र विरोध होता. १९८३ साली बँका आणि संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला, त्याने किती आणि कशी यंत्रं आणायची यावर मर्यादा घातल्या. पुढच्या करारांनी त्या हळूहळू सैल झाल्या. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली आणि एक लाखाहून अधिक माणसं बाहेर पडली. कुणालाही जबरदस्ती नव्हती. पण ज्यांनी घेतली त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी ‘उद्या याहून वाईट होईल’ या भीतीनेच सही केली होती. स्वेच्छानिवृत्तीचा आकडा समोर आला की घाई करू नये. उरलेल्या वर्षांचा पगार, त्या वर्षांतली पेन्शन किंवा फंडाची वाढ, आरोग्य विमा आणि गृहकर्जावरची कर्मचारी-सवलत, या चार गोष्टी कागदावर मांडल्या की एकरकमी मोठी दिसणारी रक्कम पुष्कळदा लहान निघते. उलट प्रकृती साथ देत नसेल किंवा बदलीने घर मोडत असेल तर तीच रक्कम योग्यही असू शकते. निर्णय हिशेबाने व्हावा, धास्तीने नको.

आज रोख भरणा-काढणीची गर्दी यूपीआयने कमी केली, पासबुक छापायला यंत्र आलं आणि शाखेत शिकाऊ उमेदवार दिसू लागले. वर्षभराच्या विद्यावेतनावर आलेल्या या मुलामुलींना कायम करण्याचं बंधन बँकेवर नसतं. कुर्डुवाडीतला जो मुलगा बँकेच्या परीक्षेची तयारी करतो आहे त्याच्यासाठी नोकरकपातीचा खरा अर्थ हा आहे: ज्या जागेवर त्याला बसायचं होतं, ती जागाच निघत नाही. असलेल्यांची नोकरी कायद्याने सांभाळली जाते. न लागलेल्याच्या बाजूने बोलणारं कलम नाही.

खासगी बँक आणि राजीनाम्याचा कागद

खासगी बँकेत आणि लघु वित्त बँकेत कपात ‘कपात’ या नावाने होत नाही. आधी टार्गेट वाढतं. मग ‘कामगिरी सुधार योजना’ म्हणून एक मेल येतो, तीन महिन्यांची मुदत असते. मग एका दुपारी मीटिंगला बोलावून सांगतात की तुम्हीच राजीनामा द्या, अनुभवाचं पत्र चांगलं देऊ, नाहीतर रेकॉर्ड खराब होईल. पंचविशीतला मुलगा तिथेच सही करून बाहेर येतो.

तो काय सोडून देतो ते पाहू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे, किमान एक वर्ष सलग काम केलेल्या कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची कारणासह लेखी नोटीस किंवा त्या महिन्याचा पगार द्यावा लागतो. पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. आणखी १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कम कामगार पुनर्कौशल्य निधीतून ४५ दिवसांत त्याच्या खात्यात जमा व्हायची असते. त्याच प्रकारच्या कामात शेवटी आलेल्याला आधी कमी करायचं आणि पुन्हा भरती निघाली तर कमी केलेल्याला आधी विचारायचं, हा नियम जुन्या कायद्यातही होता, आताही आहे. पण हे सगळं ‘कपात’ या शब्दाला लागू होतं. स्वतःहून दिलेला राजीनामा, नियत वयाची निवृत्ती आणि ठरावीक मुदतीचा करार संपणं, हे कपातीत धरत नाहीत. राजीनाम्याच्या त्या एका सहीने नोटीस, भरपाई आणि अग्रक्रम या तिन्ही गोष्टी जातात. म्हणून सही मागितली तर ‘घरी विचारून उद्या कळवतो’ एवढं म्हणण्याची हिंमत प्रत्येकाने बाळगावी. एका रात्रीने बँकेचं काही बिघडत नाही.

‘कामगार’ कोण, हाही प्रश्न आहेच. व्यवस्थापकीय काम करणारे, आणि महिना १८,००० रुपयांहून जास्त पगार घेणारे देखरेख करणारे, या व्याख्येबाहेर राहतात. पण हुद्द्यावर सगळं ठरत नाही. व्हिजिटिंग कार्डावर ‘मॅनेजर’ लिहिलेला माणूस प्रत्यक्षात फॉर्म भरून घेणं, कागद जमवणं आणि नोंदी करणं एवढंच करत असेल, त्याच्या हाताखाली कुणी नसेल आणि रजा मंजूर करण्याचाही अधिकार नसेल, तर तो कामगार ठरू शकतो. न्यायालयं प्रत्यक्ष काम पाहतात.

पटावर नसलेली माणसं

बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा असलेला रखवालदार बँकेचा नसतो, एजन्सीचा असतो. गावात अंगठा घेऊन पैसे देणारा बँक मित्र कमिशनवर असतो. शाखा एकत्र झाल्या, एका रस्त्यावरच्या दोन शाखांची एक झाली, की पहिली गदा यांच्यावर येते, आणि कोणत्याही बातमीत यांची संख्या मोजली जात नाही. बँक विलीन झाल्यावर ‘एकाही कर्मचाऱ्याची नोकरी गेली नाही’ असं म्हणतात, ते खरं असतं, कारण हे कर्मचारी म्हणून धरलेलेच नसतात.

पिग्मी एजंटची गोष्ट यांत वेगळी आहे आणि ती माहीत असायला हवी. सिंडिकेट बँकेने १९२८ साली सुरू केलेली ही रोजच्या बचतीची योजना आपल्याकडे सहकारी बँका आणि पतसंस्थांनी घरोघर नेली. हातात छोटं यंत्र, पाठीला पिशवी, सकाळी भाजी मंडई, दुपारी दुकानं, संध्याकाळी स्टँडजवळचे गाडे, असा कमिशनवरचा दिवस. बँका म्हणत आल्या की हे आमचे नोकर नाहीत. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००१ साली इंडियन बँक्स असोसिएशन विरुद्ध सिंडिकेट बँकेचे कामगार या प्रकरणात न्यायालयाने ठरवलं की ठेव गोळा करणारे हे कामगारच आहेत, मग मोबदला कमिशनच्या रूपात का असेना. बँकेच्या कायम कर्मचाऱ्यांइतक्या सवलती त्यामुळे मिळत नाहीत. पण ‘तू कुणीच नाहीस’ असं यापुढे सहज म्हणता येत नाही. ज्या बाईने पंधरा वर्षं कुर्डुवाडीच्या बाजारपेठेत पिग्मी फिरवली तिने कमिशनच्या पावत्या, नेमणुकीचं पत्र आणि खात्यातल्या जमा नोंदी जपून ठेवल्या पाहिजेत. तिच्या बाजूने बोलणारे कागद एवढेच असतात.

आपला हिशेब आपल्याला येतो का

ग्रॅच्युइटी सगळ्यांनी ऐकलेली असते, मोजलेली फार थोड्यांनी. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता घ्यायचा, त्याला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, मग सेवेच्या वर्षांनी गुणायचं. समजा एका सहकारी बँकेतल्या कॅशियरचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये आहेत आणि सेवा १८ वर्षं ७ महिने. सहा महिन्यांहून जास्त उरलेला काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून वर्षं १९. २६,००० भागिले २६ म्हणजे १,०००, गुणिले १५ म्हणजे १५,०००, गुणिले १९ म्हणजे २,८५,००० रुपये. कायद्यातली कमाल मर्यादा २० लाख आहे. ही रक्कम ३० दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर साधं व्याज लागतं. नव्या संहितांमध्ये भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरला जातो, त्यामुळे मूळ पगार मुद्दाम कमी दाखवलेल्यांची रक्कम वाढू शकते. मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्यालाही आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी लागू होते. काढून टाकलं किंवा राजीनामा दिला तर शेवटचा पगार दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा.

फंडाचं पासबुक यूएएन क्रमांकावर दिसतं. ते दर तिमाहीला उघडून पाहावं. पगारातून कपात झाली आहे आणि पासबुकात नोंद नाही, असे दोन महिने सलग दिसले तर ती बँक अडचणीत असल्याची खूण आहे, आणि बातमीच्याही आधी ती कर्मचाऱ्याला दिसते. सहकाऱ्याच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांनी त्या कर्जाची बाकीही विचारून ठेवावी. सेवकांच्या पतसंस्थेतली कर्जं एकमेकांच्या जामिनावर असतात. पगार थांबला की सगळी एकदमच थकतात.

तक्रार कुठे करायची, यावर बराच वेळ वाया जातो. राष्ट्रीयीकृत, खासगी आणि ग्रामीण बँकांच्या बाबतीत केंद्राचं कामगार खातं बघतं, म्हणजे आपल्या भागासाठी पुण्याचं केंद्रीय कामगार आयुक्तांचं कार्यालय. एका राज्यापुरत्या सहकारी बँका राज्याच्या कामगार खात्याकडे येतात, त्यासाठी सोलापूरचं सहायक कामगार आयुक्त कार्यालय. सहकारी बँकांना राज्याचे स्वतंत्र कायदेही लागू होतात, म्हणून तिथे आधी विचारून घ्यावं. वाद निर्माण झाल्यापासून दोन वर्षांच्या आत सलोखा अधिकाऱ्याकडे जावं लागतं. तिथे मिटलं नाही तर त्याचा अहवाल हातात आल्यापासून ९० दिवसांत न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. अर्जाबरोबर नेमणूकपत्र, शेवटच्या काही महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि कामावरून कमी केल्याचा कागद जोडायचा असतो. कमी केल्याचं लेखी दिलं नसेल तर आपण कामावर हजर व्हायला तयार आहोत असं पत्र रजिस्टर पोस्टाने बँकेला पाठवायचं, आणि त्याची पोचपावती त्या जागी लावायची.